ऊर्फ चालत नाही

भिकाजीची बायको मथुरा बार्बाडोसला जाणार, ही बातमी माहुलच्या कोळीवाड्यात पसरायला अर्धा दिवस लागला आणि तिच्या डोक्याला ताप व्हायला त्याहून कमी. जो तो येऊन विचारायचा, हे बार्बाडोस आलं कुठं? तिनं किती जणांना सांगायचं? तिला तरी कुठं ठाऊक होतं!

"वेस्ट इंडीज गो," भिकाजीनं जाळं शिवता शिवता ज्ञान दिलं. "ते फास्ट बोलरवाले. दोन वर्सांमागं आपण त्यांना हरवून वर्ल्ड कप नाय आणला?" मग मनातलं बोलला, "पण नऊ दिवस जेवणाचं काय?"

"उपास कर," मथुरा म्हणाली.

तिथं जगभरच्या मासेमार बायकांची परिषद भरणार होती आणि घाटकोपरच्या बायकांच्या संघटनेनं मथुराचं नाव पाठवलं होतं. उगाच नव्हतं पाठवलं. गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात सगळी नावं पुरुषांची. पहाटे धक्क्यावर माल उचलून, डोक्यावर पाटी घेऊन पार मुलुंडपर्यंत दारोदार फिरणाऱ्या बाईचं नाव एका पानावर सापडेल तर शपथ. मथुरानं दोन वर्षं त्या रजिस्टरासाठी भांडण मांडलं होतं. "बाई मच्छीमार कशी होणार?" असं म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी भाऊराव भर सभेत हसला होता. ते हसू तिच्या छातीत अजून सलत होतं. परिषदेत तिला बोलायला दहा मिनिटं मिळणार होती, आणि भाऊरावाला द्यायचं उत्तर ती सात समुद्रापलीकडे जाऊन देणार होती.

पण त्याआधी पासपोर्ट.

संघटनेचं ऑफिस सांभाळणारी सुनंदा फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "मथुराताई, जन्माचा पुरावा लागेल." पुरावा एकच होता. मढच्या शाळेचा तिसरीपर्यंतचा दाखला. माहेरी पत्र्याच्या पेटीत तो तिची आई सरूबाईनं जपून ठेवला होता. त्यावर नाव होतं जया.

आता झालं होतं असं, की लग्नात भिकाजीनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलं 'मथुरा', सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि जया तिथंच संपली. भिकाजीच्या आजीचं नाव होतं म्हणे. रेशनकार्डावर मथुरा, मतदार यादीत मथुरा, बाजारात मथुरा. बावीस वर्षं!

"मग त्यात काय, 'जया ऊर्फ मथुरा' लिहू," सुनंदा म्हणाली. पासपोर्ट ऑफिसातल्या साहेबानं लाल पेनानं ते 'ऊर्फ मथुरा' खोडलं. ऊर्फ चालत नाही. मथुरा पाहिजे असेल तर नावबदल गॅझेटात छापून आणा, तीन महिने लागतील. परिषद पाच आठवड्यांवर आलेली. शेवटी सुनंदानं फॉर्मात नुसतं 'जया भिकाजी कोळी' लिहिलं आणि नाव बदलल्याची तार बार्बाडोसला ठोकली. मथुराला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटताय! बुधवारी ती पाटी घेऊन चेंबूरला गेलेली, भिकाजी समुद्रात, आणि नेमका तेव्हाच पासपोर्टच्या चौकशीचा हवालदार कोळीवाड्यात उगवला. दारूच्या धाडी बघत मोठा झालेला हा वाडा. खाकी दिसली की सख्खा भाऊ भावाला ओळखत नाही. हवालदारानं शेजारच्या शेवंतीला विचारलं, "भिकाजी कोळीची बायको जया कुठं राहते?"

शेवंतीला वाटलं, भिकाजीवर काहीतरी बालंट आलंय. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. "भिकाजीला एकच बायको हाय, मथुरा. जया-बिया कोण नाय. आमचा भिकाजी तसला मानूस नाय!" मागून चार बायकांनी माना डोलावल्या. हवालदारानं लिहून टाकलं, सदर बाई या पत्त्यावर राहत नाही, आणि गेला.

संध्याकाळी शेवंती हे मोठ्या अभिमानानं सांगायला आली. मथुरानं कपाळावर हात मारून घेतला.

"अगो, माझी वाट लावलीस!"

"तुजी? मी तर तुजा संसार वाचवला!"

हिला आता काय बोलायचं? सुनंदानं दोन दिवस खेटे घालून पुन्हा चौकशी लावून घेतली. हवालदार शनिवारी येणार होता. अंधेरीच्या तिकीट एजंटानं लंडनमार्गे जाणाऱ्या विमानातली सीट मंगळवारपर्यंत धरून ठेवली होती, पुढे एक दिवसही नाही. शनिवारी अहवाल नीट गेला तरच सोमवारी पासपोर्ट हातात पडणार. नाहीतर दहा मिनिटं गेली, भाऊरावाचं हसू तेवढं राहिलं.

मग शुक्रवारी मथुरानं अख्खी गल्ली दारोदार जाऊन पढवली.

"मी कोण?"

"मथुरा!" सुंदराबाई म्हातारी उत्साहानं म्हणाली.

"जया! जया बोल गो माय!"

"जया," म्हातारी म्हणाली. "मंग मथुरा खंय गेली?"

घरी येऊन तिनं भिकाजीला पकडलं. "तू पण बोल, जया." भिकाजी कानापर्यंत लाल झाला. बायकोला नावानं हाक मारायची त्याला सवय नव्हती. बावीस वर्षं "अगो" आणि "ऐकतेस काय" यांवरच भागलं होतं. "बोलेन येळ आल्यावर," असं पुटपुटत तो बाहेर सटकला.

शनिवार उजाडला. मथुरा नवी साडी नेसून, कागद मांडीवर घेऊन सकाळपासून बसली. दहा वाजले, बारा वाजले. हवालदाराचा पत्ता नाही. शेवंतीनं येऊन तिच्या पिशवीत सुकटीची पुडी कोंबली, तिथं काय खायला मिळतं देव जाणे म्हणून. तीन वाजता मथुराचं डोकं फिरलं. तिनं साडी बदलली, कागद फळीवर आपटले, कोळंबीचं टोपलं ओढलं आणि सोलायला बसली. भिकाजी दारात येऊन विचारत होता, लंडनला थंडी असते, त्याचा स्वेटर नेणार का.

"नाय! स्वेटर नको, सुकट नको, काय नको! मी जातच नाय कुठं!"

गल्लीनं मात्र या वेळी काम चोख केलं होतं. कोपऱ्यापासून पोरासोरांनी बोटं दाखवत, "जयाचं घर ते!" म्हणत हवालदाराला आणून सोडलं. तो भिकाजीच्या मागं येऊन उभा राहिला आणि आत डोकावून म्हणाला, "जया कोळी आहेत का?"

मथुरानं मान वर केली नाही. हात कोळंबीत, डोकं तापलेलं. "इथं कोण जया नाय!" ती ओरडली. "पुढं बघा!"

दारात गर्दी जमली होती. शेवंतीनं तोंडावर पदर धरला. मथुरानं वर बघितलं तर समोर खाकी, आणि त्या खाकीच्या हातात उघडलेली वही. तीन दिवस गल्लीला शिव्या घालत होती, आणि विसरली कोण, तर स्वतः!

"जया!"

भिकाजी होता तो. आवाज चिरकला त्याचा. "साहेब, हीच जया. आईबापानं ठेवलेलं नाव. मथुरा मी केली. तांदलात लिवलं नि झालं, इचारलं पन नाय तिला."

"मग बाई नाही का म्हणतात?"

"बावीस वर्सं कोणी हाक मारली नाय तिला त्या नावानं. तुमी मारा बावीस वर्सं, मंग बघा."

हवालदारानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "बाई, नाव काय तुमचं?"

तिनं हात पुसले, उभी राहिली. "जया," ती म्हणाली. शाळेत हजेरी द्यायची तशी. मग फळीवरचा दाखला काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं तो वाचला, वहीत 'राहते' असं लिहिलं, चहाला नको म्हणाला आणि गेला.

गर्दी पांगली. ती पुन्हा टोपल्याशी बसून कोळंबी सोलायला लागली. भिकाजी उंबऱ्यावर बसून होता. बऱ्याच वेळानं, एकटाच असल्यासारखा, हळूच म्हणाला, "जया."

"काय हाय?" ती खेकसली.

खेकसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपण ओ दिली.