चार बोटं चिखल

खाटेवर एकूण एकोणीस वस्तू होत्या. पासपोर्ट तीन, फोटोंची पाकिटं तीन, कानटोप्या दोन, गोळ्यांच्या पट्ट्या दोन, नवे बूट सहा नग म्हणजे तीन जोड, ग्रीसचा नकाशा एक, डिंपलची वही एक आणि कातडी डबीतला जुना टेप एक. इश्वरने त्या दोनदा मोजल्या. पंचवीस वर्षं कालव्यांच्या मोजणी पथकात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून काढल्यावर माणूस एकदा मोजून थांबत नाही.

"बूट खाली ठेवा ना अजी," रुखमा म्हणाली. "खाटेवर कायले?"

"नवे हायेत. जमिनीले लागलेच नाहीत अजून."

"अन् हा टेप? ग्रीस मोजून आनता काय?"

इश्वरने टेप खिशात टाकला. वस्तू अठरा झाल्या.

मग लेक डिंपल नकाशा आणि वही घेऊन खाली चटईवर बसली. ती नागपूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. चार दिवसांची सुटी काढून आली होती ती याच कामासाठी. एप्रिलमधले नऊ दिवस तिने वहीत चौकटी आखून बसवले होते. प्रत्येक चौकटीत निघायची वेळ, पोचायची वेळ आणि पायी चालायचं अंतर.

"ऐका. तीन दिवस अथेन्स. तिथला टेकडीवरच्या देवळाचा चढ सकाळीच करायचा, आईचे गुडघे ताजे असतात तवा. चवथ्या दिवशी बसनं डेल्फी. मंग दोन दिवस डेल्फीच्या आसपासचे गावं. मंग बोटीनं सँटोरिनी, आईचे पांढरे घरं."

"निळ्या दरवाज्याचे," रुखमाने दुरुस्ती केली. बँकेच्या कॅलेंडरवरचा तो महिना उलटून दोन वर्षं झाली होती, तरी ते पान अजून चुलीमागच्या भिंतीवर होतं.

"हाव, निळ्या दरवाज्याचे."

"अन् सामोस?" इश्वरने विचारलं.

डिंपलने पेन्सिल खाली ठेवली. हा प्रश्न दिवाळीपासून सातव्यांदा आला होता. "बाबूजी, सामोस पार तिकडं हाय, तुर्कस्थानच्या कुशीत. जायले-यायले दोन दिवस खाते ते. तिथं काय हाय तुमचं?"

"भुयार हाय."

"भुयाराले कोन जाते बाप्पा?" रुखमा म्हणाली. "लोकं समुद्र पाहाले जातात."

सांगायचं तर मुळापासून सांगावं लागलं असतं.

मूळ सव्वीस वर्षांमागे होतं. गावच्या तलावातून नवी नहर, म्हणजे कालवा, काढायची होती. साहेब दुर्बिणीतून पाहत आणि इश्वर आकडे लिहिलेली लांब लाकडी पट्टी धरून पुढे उभा राही. साहेब पट्टीवरचा आकडा वाचत आणि त्यावरून जमीन किती उंच, किती खोल ते ठरे. दुपारी डबा खाताना साहेबांनी गोष्ट सांगितली होती: ग्रीसमधल्या सामोस बेटावर अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाण्यासाठी अख्खा डोंगर पोखरला. दोन टोळ्या, दोन बाजूंनी. दुर्बीण नव्हती. तरी आतमध्ये, अंधारात, एकमेकींना भेटल्या. इश्वरला घास गिळायचं सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बैलगाडीत पट्टी ठेवण्याआधी त्याने ती उलटी केली आणि बुडाला चिकटलेला चिखल पाहिला. धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, काळा, चिवट गोळा, सुकून दगड झालेला. बोटं लावून पाहिली. चार बोटं. दुपारनंतर, दुर्बीण पुढच्या जागी नेल्यावर, पट्टी चार बोटं उंच उभी होती. म्हणजे तिथून पुढे सगळं चार बोटं चुकलं होतं. त्याने विळ्याने चिखल खरवडला. साहेबांना सांगितलं नाही. नोकरीला तिसरं वर्ष होतं.

नहर झाली. शेवटच्या चौदा एकरांत पाणी कधी पोचलं नाही.

त्या चौदा एकरांपैकी सहा एकर शेजारच्या डोमाचे होते, आणि डोमा नेमका त्याच वेळी आवारात शिरला.

"काय इश्वरभाऊ, विमान आलं काय अंगनात?" खाटेवरची मांडामांड पाहून तो म्हणाला. "वहिनी, तुमी तिकडं गेल्यावर भाजी कोन चोरीन माझ्या वाडीतली?"

"तुमच्या वाडीत भाजी हाय कुठं चोराले? वांगे तं अंगठ्याएवढे!"

"पानी द्या ना मंग!" डोमा हसला आणि उंबऱ्यावर टेकला. "कुठं चालले म्हनता?"

"ग्रीसले," डिंपल म्हणाली. "अन् बाबूजीले तिथलं पान्याचं भुयार पाहाचं हाय."

"वा रे वा! इथलं पानी माझ्या टोकाले येत नाही, अन् मानूस चालला परदेशी पान्याचं भुयार पाहाले."

डोमा गमतीनेच म्हणाला होता. पण इश्वर उठला. नवे बूट एकेक करून खाटेखाली ठेवले, सहाही.

"डोमा, ते पानी माझ्यापायी नाही येत," तो म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. दुपार, दुर्बीण, बांधीतला चिखल, विळा. काही वगळलं नाही, काही रंगवलंही नाही. मोजणीची वही वाचावी तसं सांगितलं. रुखमा चुलीजवळून उठून दारात आली.

डोमाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सव्वीस वर्षं," तो म्हणाला, "मी त्या नहरीच्या ठेकेदाराले शिव्या देऊन राहिलो. मेला बिचारा. त्याच्या तेरवीचं जेवन जेवताना बी दिल्या."

कोणी हसलं नाही. मग रुखमाला हसू आवरेना, आणि डोमालाही.

"पर आधी काहून नाही सांगतलं?" हसू विरल्यावर डोमाने विचारलं. त्याचा आवाज आता वेगळा होता. "माझे दोन पोरं धान सोडून पुन्याले गेले."

इश्वर वाकून खाटेखालचे बूट जोडीने नीट लावू लागला.

डिंपलने नकाशाची घडी घातली. "बाबूजी, चार बोटं म्हनजे नेमकं किती, ते कोनी मोजलं का?"

"नाही."

"मंग मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मिस्त्रीकडून पारदर्शक नळी आणली. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते. बाकी यंत्र लागत नाही. नहर कोरडी होती, तलावाचं पाणी जानेवारीत सुटायचं होतं. बापलेक वीस-वीस मीटरने सरकत गेले. डोमा मागून खुंट्या ठोकत होता. आंब्याच्या झाडाशी तळ एकदम चढला.

"सात सेंटिमीटर," डिंपल म्हणाली. "अन् तिथून टोकापर्यंत उतारच नाही मनासारखा."

"आता अख्खी नहर कोन खोदते?" डोमा म्हणाला.

इश्वर नहरीच्या तळात उकिडवा बसला होता. "अख्खी नाही खोदाची," तो हळू म्हणाला. "त्या लोकायनं बी भुयार सपाटच केलतं. पानी वाहाले उतार पाह्यजे, म्हनून त्यायनं तळाच्या बाजूनं वेगळा चर खोदला. एका टोकाले चार मीटर खोल, दुसऱ्या टोकाले आठच्या वर." त्याने बोटाने मातीत रेघ ओढली. "आपल्याले तं हातभर बी नाही लागत."

"हे कुठं वाचलं तुमी?"

"तूच मोबाइल देऊन गेली ना पोळ्याले."

डिंपलने नहरीच्या तळातच वही उघडली, पाचवा-सहावा दिवस खोडला आणि तिथं सामोस लिहिलं.

"तिकीट नोको काढू अजून," इश्वर म्हणाला. "आधी इथं पानी पोचू दे. नाही पोचलं तं ते दोन दिवस आईले दे. समुद्रावर."

"भुयारात जागा आधी धरावी लागते, बाबूजी. जानेवारीच्या पंधरापर्यंत सांगा."

चर खोदायला एकोणीस दिवस लागले. तळाची मातीच होती, फावडं चालत होतं. पहिल्या दिवशी इश्वर एकटा होता. दुसऱ्या दिवशी डोमा आला, स्वतःचं फावडं घेऊन. रुखमा भाकरी आणायची आणि काठावर बसून दोघांना खोदायचं शिकवायची. "सरळ खोदा अजी, साप गेल्यावानी नोको!"

अकरा जानेवारीला तलावाचं दार उघडलं. इश्वर पाण्याबरोबर चालत निघाला. आंब्याच्या झाडाशी पाणी थांबलं, फेस गोल फिरला, मग चरात उतरलं. तो पुढे गेला नाही, धावलाही नाही. पाण्याच्या चालीने चालत राहिला.

टोकाच्या बांधीवर डोमा उभा होता. खिशात इश्वरचा फोन वाजला. डिंपल होती.

"बाबूजी, काय सांगू त्या भुयारवाल्यायले?"

"थांब. मोजून सांगतो."

त्याने शेजारच्या मास्तरांकडून मागून आणलेली फूटपट्टी काढली. बूड वर करून पाहिलं. धोतराच्या सोग्याने पुसलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. मग वाकून, दोन्ही हातांनी, डोमाच्या बांधीच्या तोंडाशी ती पाण्यात उभी धरली आणि डोमाने आकडा वाचला.

अकरा सेंटिमीटर पाणी.