टवका उडालेल्या झाकणाची हंडी

मी हंडी बोलतेय. मातीची, पोटाशी फुगीर, बाहेरून करडी, आतून काळी, आणि झाकणाच्या कडेला टवका उडालेली. अक्षर मला येत नाही, पण दोन कान आहेत, आणि जे कानावर पडलं ते मी सोडलेलं नाही.

तर ऐका. कॅलिफोर्नियात नदीच्या काठी एक गाव होतं. तिथं राहायचा एक परीट, गोक सुंग. त्याची बायको लाऊ शी. आणि मागच्या बोळात एक सुईण, हेप्सी. परीट-परटीण चीनची. सुईण काळी, कापसाच्या मळ्यावर गुलामाच्या पोटी जन्मलेली. या तिघांत मिळून एकच लेक होता म्हणा, याट मिंग. त्याची ही गोष्ट, आणि माझीही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा, कॅन्टनकडच्या भट्टीतला. लाऊ शीच्या आईनं मला टिचकी मारून बघितलं, आवाज खणखणीत आला, मग पेंढ्यात गुंडाळून लेकीबरोबर जहाजात धाडलं. माझं काम एकच. घरात बाई पोटुशी राहिली की मला चुलीवर चढवायचं. काळं गोड व्हिनेगर, आल्याचे जाड तुकडे, डुकराचे पाय, उकडलेली अंडी. दिवसेंदिवस मुरू द्यायचं. बाळंतिणीनं खायचं आणि दारोदार वाडगा पाठवायचा. वाडगा आला की समजावं, बाळ झालं.

याट मिंग झाला तो ऐन थंडीत. आमच्या चिनी नववर्षाला बारा दिवस उरले होते. हेप्सीनं त्याला हातावर घेतलं, पाठीत एक हलकी थाप मारली, आणि त्यानं असा सूर लावला की बाहेर गोक सुंगच्या हातातली इस्त्री एका सदऱ्यावर तशीच राहिली. सदरा जळला. कुणी रागावलं नाही.

बारा दिवसांनी हेप्सी पुन्हा आली. लाऊ शी तिच्यासाठी वाडगा भरत होती. म्हणाली, "मावशी, बघा, आज पोरगा दोन वर्षांचा झाला."

हेप्सीच्या हातात माझं झाकण होतं. "काय गं? परवा या हातांनी काढला मी याला. मधली दोन वर्षं मी झोपले होते का?"

"जन्मला तेव्हा एकाचा. आज वर्ष पालटलं, दोनाचा. त्यात काय नवल?"

हेप्सी जी हसत सुटली, ती पोट धरून खालीच बसली. झाकण चुलीच्या कडेवर आपटलं आणि टवका उडाला. नववर्षाच्या दिवशी फुटतूट! लाऊ शी पांढरी पडली. पण तेवढ्यात बाळ जांभई देऊन हसल्यासारखं झालं, म्हणून तिनं ते शुभ धरलं.

पुढं पोर वाढलं. मी फळीवर बसून दुकान ऐकायची. माणसं कपडे न्यायला येत आणि कपड्यांपेक्षा प्रश्नच जास्त टाकून जात. दाणावाला क्रॉली एकदा म्हणाला, "गोक सुंग, तू चिनी, बायको चिनी, आणि पोर म्हणे अमेरिकी? हे कुठलं गणित?"

हेप्सी चादरी घ्यायला उभी होती. "इथल्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचं गणित," ती म्हणाली. "इथं जन्मला, इथल्या कायद्याखाली आहे, तो इथला नागरिक."

"ते तर तुम्हा लोकांसाठी केलं. गुलामांसाठी."

"केलं आमच्याच पायी. मी तेव्हा वीस वर्षांची. देवळात पाद्र्यानं मोठ्यानं वाचलं, आम्ही त्याला तीनदा वाचायला लावलं. पण त्यात काळा हा शब्दच नाही रे बाबा."

"बरं, आणि हा गोक सुंग? हा काही इथं जन्मला नाही. नागरिक होण्याची त्याला बंदी. मग याला कुठला कायदा?"

"त्याच्याच खाली लिहिलंय. तिथं नागरिक नाही म्हटलेलं, कोणताही माणूस म्हटलंय. कोणत्याही माणसाला कायद्याचं सारखं संरक्षण. आता बघ नीट, हा माणूस दिसतो ना तुला? मग उचल तुझे सदरे आणि वाट सोड."

क्रॉली गेला. गोक सुंगनं त्या दिवशी इस्त्री करताना गाणं म्हटलं. एरवी तो कधी म्हणत नसे.

तो गोक सुंग पुढं छातीच्या दुखण्यानं गेला. दोन वर्षांनी याट मिंग चीनला जाऊन लग्न करून आला. बायको अजून तिकडेच होती, आधी तो एकटा परतला. बंदरावर त्याला अडवलं आणि लाकडी कोठारात पाच आठवडे ठेवलं. कायद्याचा प्रश्न नव्हता. इथं जन्मलेलं चिनी पोरही नागरिकच, हे मोठ्या कोर्टानं पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. प्रश्न एवढाच, की इथं जन्मलेला तो पोरगा हाच का? नसला तर पुढच्या जहाजानं परत. मग आईचं तोंड पुन्हा दिसायचं नाही.

चिनी सोडून दुसरा साक्षीदार हवा होता. हेप्सी निघाली. निघताना लाऊ शीनं मला अंड्यांनी भरून तिच्या हवाली केलं. "मावशी, त्याला तिथलं शिळं गिळवत नसेल. हे द्या." अशी मी साक्षीला गेले, कुणी न बोलावता.

लाऊ शीची तपासणी बंदरावरच्या साहेबानं आधीच गावात येऊन केली होती. दुपारी हेप्सी बंदरावर त्याच्या खोलीत जाऊन बसली, मी तिच्या मांडीवर.

साहेबानं विचारलं, "मुलाचं वय?"

"तेवीस. माझ्याच हातचा आहे तो."

साहेबानं कागद पुढं ओढला. "त्याची आई म्हणते पंचवीस. मुलगाही पंचवीस म्हणतो. दोन वर्षांचा फरक, बाई. म्हणजे तुझ्या हातावर जन्मला तो वेगळा, आणि हा वेगळा." त्यानं शिक्का उचलला.

माझ्या आतली अंडी हलली, कारण हेप्सी थरथरत होती. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती! तेच हसू, तेवीस वर्षांपूर्वीचं.

"साहेब, त्याच्या आईला या हंडीबद्दल काही विचारलंत का?"

साहेब चपापला. घरातलं सामानसुमान ते विचारतातच, तिघांना वेगवेगळं. त्यानं कागद चाळला. "चुलीवरच्या हंडीचं झाकण फुटलेलं. सुईणीनं हसताना आपटलं. नववर्षाचा दिवस." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

हेप्सीनं टवका त्याच्या नाकासमोर धरला. "आता मी का हसले ते विचारा. बारा दिवसांचं पोर, आणि आई म्हणते दोन वर्षांचं झालं! यांच्यात जन्मतःच एक धरतात, आणि नववर्षाला सगळ्यांचंच एक वाढतं. तुमची दोन वर्षं, साहेब, तिथं गेली. माझ्यावर विश्वास नको. त्या कोठारातल्या कुणालाही विचारा."

साहेबानं दुभाष्याला पाठवून कोठारातला एक म्हातारा आणवला. तो दुसऱ्याच जिल्ह्याचा, या घराला न ओळखणारा. "बाबा, वर्षाच्या शेवटच्या दिवसांत मूल झालं. नववर्षाला ते किती वर्षांचं?"

म्हातारा वैतागला. "दोन! एवढ्यासाठी मला जेवणावरून उठवलंत?"

साहेबानं शिक्का खाली ठेवला, दुसरा उचलला आणि मारला. मग हळूच म्हणाला, "त्या हंडीत आहे तरी काय? वास चांगला येतोय."

"माझ्या नागरिकासाठी आहे ते," हेप्सी म्हणाली. पण एक अंडं तिनं त्याला दिलं.

याट मिंग बाहेर आला, अंगानं अर्धा झालेला. धक्क्यावर उभ्यानंच त्यानं सात अंडी खाल्ली. घरी लाऊ शीनं त्याची कॉलर धरून नीट केली, आणि मग दार उघडं टाकून रस्त्यावर मोठ्यानं हाक दिली, "आला! माझा आला!" क्रॉलीसुद्धा दुकानाबाहेर आला, आणि त्यानं टोपी काढली.

दुसऱ्या वर्षी सून आली. त्यापुढच्या हिवाळ्यात मला पुन्हा चुलीवर चढवलं. मुलगी झाली. हेप्सीचे हात आता कापायचे, तरी धरलं तिनंच. त्या दिवशी गावात एकही दार वाडग्यावाचून राहिलं नाही.

"किती वर्षांची गं?" हेप्सीनं डोळा मारत विचारलं.

लाऊ शी ताठ बसली. "आमची एक वर्षाची. साहेबाची एक दिवसाची. दोन्ही लिहून ठेवा."

नवं झाकण आणायचं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. आणू नका बाबांनो. हाच टवका या घराला पावला. त्यातून वाफ निघते, आणि आमच्या चिमुरडीला ती बघत बसायला आवडतं.