सत्तेचाळीस नंबरची शेवटची फेरी

सहदेव इंगळेनं मेहकर डेपोत बत्तीस वर्षं एस.टी. चालवली, पण निवृत्त झाल्यावर त्याला स्वतःच्या गाडीची कधी फारशी आठवण आली नाही. जीव लागला होता तो दुसऱ्याच एका गाडीला. ती त्यानं कधी चालवली नव्हती. नुसता तिच्यात बसला होता, आणि ती धावत होती तिकडे स्वीडनमध्ये.

बायको गेली त्या वर्षीची गोष्ट. सिंधू चैत्रात गेली. पोरगी मंजुश्री तिकडून आली, दिवसकार्य करून परत गेली, आणि दसऱ्याच्या सुमारास बापाला घ्यायला पुन्हा आली. ती स्वीडनमधल्या टालमो नावाच्या खेड्यात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्स होती, आणि जावई अश्वजित लाकडाच्या कारखान्यात इंजिनिअर. "बाबा, इथं एकटे बसून राहाल. चला नऊ महिने," ती म्हणाली. इथं तो एकटा नव्हता. शाळेत मास्तर असलेला मुलगा रवी होता, सून रेणुका होती. पण मंजू काय म्हणते ते सगळ्यांनाच कळलं.

टालमो म्हणजे चारशे माणसांची वस्ती. एक चर्च, एक दुकान, एक शाळा, एक तळं, आणि चारही बाजूंनी उंच काळपट झाडांचं रान. सहदेव पहिला महिना खिडकीत बसून राहिला. मंजू आणि अश्वजित कामाला गेले की घरात घड्याळाची टिकटिक तेवढी. खिडकीतून रस्ता दिसायचा. त्या रस्त्यानं दिवसातून तीन वेळा एक बस जायची, कपाळावर ४७ लिहिलेली. सहदेवनं सवयीनं वेळ पाहायला सुरुवात केली. तीन आठवडे पाहिलं, मिनिटाचा फरक नाही. मग एक दिवस त्यानं मंजूनं घेतलेला जाड कोट चढवला, कानटोपी ओढली आणि थांब्यावर जाऊन उभा राहिला. थांबा म्हणजे रस्त्याच्या कडेला एक खांब, आणि शेजारी पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे ते जुनं लाकडी फळकूट.

बस चालवत होती एक बाई. साठीची, पांढऱ्या केसांची, नाव मार्गारेता. सहदेव तिच्या मागच्या सीटवर बसला. बाहेर बर्फ पडून गेलेला, रस्ता काचेसारखा. पहिल्या उताराच्या वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्या वळणावर बाई आरशात पाहून हसली. तिला दिसत होतं.

सहदेव ओशाळला. मग त्यानं मोबाईलमधला जुना फोटो काढला. खाकी शर्ट, मागं लाल गाडी, पाटीवर मेहकर-लोणार. शहरात बस थांबल्यावर तो तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावला, फोटो पाहिला, त्याच्याकडं पाहिलं, आणि हात पुढं करून म्हणाली, "कोलेगा!"

घरी येऊन त्यानं मंजूला अर्थ विचारला.

"सोबत काम करनारा, बाबा. तुमच्याच धंद्यातला."

त्यानंतर तो रोज सकाळची फेरी करू लागला. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस मिनिटं. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही, आणि अडलंही नाही. मूस नावाचा घोड्याएवढा प्राणी रस्त्यावर आला की ती बोट दाखवायची. समोरून येणारा लाकडाचा ट्रक जास्तच आत आला की सहदेव मागून वऱ्हाडीत एक शिवी हासडायचा, आणि ती मान डोलवायची.

टालमोतले ते सगळे महिने त्यानं त्या काचेतून पाहिले. नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडायचा आणि घराघराच्या खिडकीत कागदी चांदण्या लागायच्या. डिसेंबरात एके सकाळी शाळेच्या पोरी पांढरे झगे घालून, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट ठेवून गाडीत चढल्या. मंजूच्या आश्रमात म्हाताऱ्यांना गाणं ऐकवायला निघाल्या होत्या. गाडीत त्यांनी तालीम केली, आणि मार्गारेतानं त्या दिवशी गाडी जरा हळूच चालवली. फेब्रुवारीत तिनं त्याला मलईनं भरलेला एक गोल पाव खाऊ घातला. तो म्हणे वर्षातून त्या एकाच मोसमात करतात. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी अख्खं गाव तळ्याकाठी जमलं, वाळक्या फांद्यांचा ढीग पेटवला आणि हिवाळ्याला निरोप दिला. होळीच ती, फक्त बोंबा नव्हत्या. जूनमध्ये सगळ्यांनी मिळून पानाफुलांनी गुंडाळलेला उंच खांब उभा केला. दोर धरायला माणूस कमी पडला तेव्हा मार्गारेतानंच हाक मारली, आणि सहदेवनं दोर धरला.

जुलैत तो परत आला.

मेहकरात सगळं होतं तसंच होतं. स्टँडवर जुने सोबती भेटायचे, चहा व्हायचा. लोक विचारायचे, "काय पाह्यलं बे तिकडं?" तो बर्फाचं सांगायचा, कारण लोकांना बर्फच ऐकायचा असे. पण सकाळची कामं आटोपून दीड वाजला की त्याचं लक्ष घड्याळाकडं जायचं. तिकडं आता दहा वाजले. गाडी शहरातून निघेल. जेवताना हात थांबायचा. रेणुकाला ते कळायचं.

रवी मात्र एकदा बोलला. "बाबा, सोताचं घर आहे, मानसं आहेत. तिथं काय ठेवलंय आपलं?"

रवी शाळेत शिकवायला गेल्यावर सहदेव जेवायला बसला आणि रेणुकाला म्हणाला, "कसं सांगू तुले? इथं ज्यानं त्यानं मले पाह्यलं का पहिले सिंधूचं विचारते. कशी गेली, काय झालं. वाईट नाही बोलत कोनी. पन मी सांगत राहतो अन् ती पुन्हा पुन्हा जात राहते. तिथं कोनाले काहीच माहीत नव्हतं. तिथं मी डायव्हर होतो, बस."

रेणुकानं त्याच्या ताटात भाकरीचा आणखी एक चतकोर ठेवला. "मंग मंजूताईले सांगा ना, पुन्हा जायाचं म्हनून."

"पाहू," तो म्हणाला. तिकिटाचं, व्हिसाचं, गुडघ्याचं, सगळंच त्या 'पाहू'त आलं.

पुढच्या जूनमध्ये मंजूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. सत्तेचाळीस नंबर बंद होऊन राह्यली."

"बिघडली?"

"बिघडली नाही. फेरीच बंद. मानसंच नाहीत चढायले, तीन नाहीतर चार. ज्याले जायाचं त्यानं फोन करून गाडी बोलवायची आता. शाळेले सुट्ट्या लागल्या का शेवटची फेरी, त्या दिवशी सकायचीच तेवढी. मार्गारेता बी रिटायर होते त्याच दिवशी."

सहदेवनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी तुले सुट्टी आहे काय?"

"घेता येईल. काऊन?"

"माह्या जागेवर बस. अन् फोन समोर धर. मले पुरी फेरी पाहायची आहे." मग आणखी म्हणाला, "अन् हार न्यायचा. डायव्हर रिटायर झाला का डेपोत हार घालतेत. माहीत आहे ना तुले?"

"बाबा, इथं हार कुठून आनू?"

"रस्त्याच्या कडेनं निळी फुलं राहतेत या दिवसात. उंच तुरे. दोऱ्यात ओव."

त्या दिवशी सहदेवनं बाराच्या आत जेवण उरकलं. इस्त्रीचा शर्ट घातला. मेहकरात ऊन मी म्हणत होतं, मृग लागूनही आभाळात ढग नव्हता. रेणुकानं कूलर लावला, टेबलावर स्टीलचा डबा ठेवला आणि त्याला फोन टेकवून दिला. ती शेजारी स्टूल घेऊन बसली. एक वाजून पंचवीस मिनिटांनी पडदा उजळला.

आधी मंजूचा चेहरा, मग फोन फिरला, आणि समोरची मोठी काच दिसली. गाडी भरली होती. एरवी तिघं-चौघं असायचे, आज उभं राहायला जागा नव्हती. टालमोची माणसं सकाळी मुद्दाम शहरात जाऊन परतीच्या शेवटच्या फेरीला चढली होती. मार्गारेतानं मागं वळून फोनकडं पाहिलं, हात हलवला, आणि घड्याळ पाहून गाडी काढली. वेळेवर.

"हा पूल," सहदेव रेणुकाला सांगू लागला. "हे लाकडाचं गोदाम. इथं पोरायची एक शाळा आहे, मोठ्या पोरायची. आता पाह्य, डावीकडं घोडे दिसतीन." घोडे दिसले. रेणुका हसली. दोन्हीकडं हिरवंगार झालं होतं आणि कडेनं निळ्या तुऱ्यांची रांगच्या रांग पळत होती.

अर्ध्या वाटेवर रान दाट झालं आणि चित्र थांबलं. एका वळणावर गाडी गोठून राहिली. मग पडदा काळा झाला.

"नेट गेलं," रेणुका फोन उचलू लागली.

"राहू दे," सहदेव म्हणाला. "तिथं नेट नसतेच. बारा किलोमीटर."

त्यानं डोळे मिटले. "आता उतार. पाय उचलला तिनं. आता तळं लागलं उजवीकडं, एक बोट पालथी पडून राहते काठाले. आता चढ. इथं दाबावं लागते. त्यायच्या गाडीले गिअर नसते ना, माहा डावा हात उगाच सळसळे." त्याचा उजवा पाय कूलरच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर दाबला जात होता, उचलला जात होता. रेणुका ते पाहत राहिली. सासरा गाडी कशी चालवत होता ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती या घरात आली तेव्हा तो निवृत्तच झाला होता. "आता ते लाल घर. आता आपला थांबा गेला. आता शाळा. आता चर्च दिसलं. आली. संपली फेरी."

त्यानं डोळे उघडले तेव्हा पडद्यावर चित्र परत आलं होतं. पण चर्च नव्हतं. गाडी मागंच होती, आणि उभी होती. समोरचं दार उघडं होतं. दाराबाहेर खांब होता, आणि ते लाकडी फळकूट.

"मंजू, काय झालं? काऊन थांबली गाडी?"

मंजूचा आवाज हळू आला. "बाबा, इथं कोनी उतरनारं नाही. चढनारं बी नाही. तिनंच थांबवली."

मार्गारेता दाराकडं पाहत होती, जसं एखादं माणूस धावत येताना दिसलं की डायव्हर पाहतो तसं. बाहेर वाऱ्यानं झाडं हलत होती, त्याचा आवाज मेहकरात ऐकू येत होता. मग तिनं आरशातून थेट फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "कोलेगा."

बत्तीस वर्षांत सहदेवनं हजारो माणसांसाठी गाडी थांबवली होती. हात करणाऱ्या, धावणाऱ्या, लेकरू कडेवर घेतलेल्या. त्याच्यासाठी कोणी थांबवल्याचं त्याला आठवेना. त्याच्या तोंडातून भलतंच निघालं.

"दार लाव म्हनाव तिले. टाइम होऊन राह्यला."

मंजूनं ते तिच्या भाषेत सांगितलं. आधी मार्गारेता हसली, मग सगळी गाडी हसली. दार लागलं. शेवटचा दीड किलोमीटर सहदेवला नीट दिसला नाही. रेणुकानं पदराचं टोक त्याच्या हातात दिलं, आणि ती स्वतः पलीकडं पाहू लागली.

चर्चसमोर गाडी थांबली. मंजूनं निळ्या फुलांचा हार काढला. तुरे वाकडेतिकडे ओवलेले, अर्ध्या पाकळ्या गळालेल्या. तिनं तो मार्गारेताच्या गळ्यात घातला तेव्हा त्या बाईला हात कुठं ठेवावेत तेच कळेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं इंजिन बंद केलं, आणि फोन कट झाला.

चार वाजता सहदेव चपला घालून निघाला.

"उन्हात कुठं जाता?" रेणुकानं विचारलं.

"येतो."

स्टँडवर बीबी गावाला जाणारी गाडी लागली होती. तो चढला, डायव्हरच्या मागं बसला. डायव्हर नवीन पोरगा होता, ओळखत नव्हता. सुलतानपूर गेलं, दोन्हीकडं नांगरून ठेवलेली काळी वावरं पाण्याची वाट पाहत पडलेली. बीबीत उतरून त्यानं चहा घेतला आणि त्याच गाडीनं परत आला. कशासाठी गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वाटेत मात्र एक जुनी सकाळ त्याच्या डोळ्यांपुढं आली. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची. पहाटे साडेचारला तो उठला होता, आंघोळ केली होती, खाकी शर्टाची सगळी बटणं लावली होती. मग आठवलं, आणि तो तसाच खाटेवर बसला. सिंधू उठली. तिनं काहीच विचारलं नाही. चहा ठेवला, दोन कप भरले आणि शेजारी येऊन बसली. उजाडल्यावर तो गावात जाऊन येतो म्हणेपर्यंत ती तिथंच बसून होती.

मार्गारेताचं घर त्यानं एकदा बाहेरून पाहिलं होतं. एकटीच राहायची.

मेहकरात उतरला तेव्हा सात वाजत आले होते. स्टँडच्या भिंतीशी उभं राहूनच त्यानं फोन लावला. तिकडं अजून भर दुपार होती.

"मंजू, उद्या सकायी मार्गारेताच्या घरी जाय. तिची ड्युटी कितीले लागे? सहाले?"

"हो, सहाले. काऊन बाबा?"

"मंग सहाच्या आत पोच. काही बोलू नको जास्त. तिच्यासंग कॉफी पेय अन् बसून राह्य."

"कितीक वेळ?"

मागून एक गाडी हॉर्न देत स्टँडमधून बाहेर पडली. तिची धूळ बसेपर्यंत सहदेव थांबला.

"ती गावात जायाचं म्हनंस्तोर," तो म्हणाला. "अन् मंग तिले सांग, मी ईचारत होतो म्हनून."