मासोळीची पाठ

मासोळी घरात शिरली ती वाऱ्यासारखी. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे, आणि ओल्या केसांनी ती थेट मावशीच्या शिलाई मशीनसमोर उभी राहिली.

"मावशी, पोहण्याच्या रिलेत घेतलं मला. शेवटची मी. तिसरी कॅप्टन आणि तिच्यानंतर मी."

मावशीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. पोरीला लहानपणापासून तिनेच वाढवलं होतं आणि मासोळी हे नावही तिनेच ठेवलं होतं. आता ते शाळेतसुद्धा चिकटलं होतं.

"मी म्हणतच होते," मावशी म्हणाली. "अंघोळीच्या टबातून तुला बाहेर काढायला दोन माणसं लागायची."

दोघी मिळून नाचल्या, मशीनवरचा अर्धा शिवलेला फ्रॉक खाली पडला. पण त्या आनंदात एक खडा होता, आणि तो मासोळीने कुणाला सांगितला नव्हता. स्पर्धेत पोहण्याच्या पोशाखावर दुसरं काही घालायला परवानगी नव्हती.

वर्षभरापासून तिच्या पाठीवर पुळ्या येत होत्या. चेहऱ्यावर एखाददुसरी, पण खांद्यांपासून खाली जणू कुणी मूठभर मोहरी उधळली होती. काही लाल, काही पिकलेल्या, काही बऱ्या होऊन काळे डाग ठेवून गेलेल्या. म्हणून ती ढगळ टी-शर्ट घालून पोहायची. उन्हाचा त्रास होतो, असं सांगायची. तलावाला छप्पर होतं, तरी कुणी उलटून विचारलं नव्हतं.

आता दीड महिना हातात होता. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, मळ साचतो, घासून काढ. मासोळीने खरखरीत ब्रश घेतला, वरून लिंबू चोळलं आणि रोज न्हाणीघराचं दार लावून पाठ घासत बसली. आठवड्याच्या शेवटी सरावाला तिने पाण्यात सूर मारला आणि पाठीवर निखारे ओतल्यासारखं झालं. ती काठावर येऊन ओठ चावत बसली.

टी-शर्टवर रक्ताचे ठिपके मावशीला दिसलेच. तिने पोरीला पाठमोरी उभी केली.

"अगं बाई, पाठ आहे की करपलेली कढई? एवढं घासायला सांगितलं कुणी?"

मासोळी रडत रडत सगळं बोलून गेली. दुसऱ्याच दिवशी मावशीने तिला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाठ पाहिली. "पुळ्या नेहमीच्याच आहेत. या वयात पुष्कळांना येतात. ही जी सोलवटलीये ना, ती मात्र तुझी कामगिरी."

"पण मळ..."

"मळाने येत नाहीत. वयात येताना त्वचा तेल जास्त सोडते, छिद्रं बुजतात आणि आत सूज येते. त्यात घामाचे कपडे तसेच अंगावर राहिले की आणखी भर. लिंबू बंद, ब्रश बंद, फोडणं तर अजिबात बंद. आधी हे सोललेलं भरू दे, तोवर पोहणंही बंद. मग हा औषधी साबण हलक्या हाताने लाव, थोडा वेळ ठेव आणि धू. पोहून झालं की लगेच अंघोळ कर, कोरडे सैल कपडे घाल."

"स्पर्धेपर्यंत जातील?"

"कमी होतील. सगळ्या जायला काही महिने लागतात. जादूची कांडी माझ्याकडे नाही. आणि टॉवेल पांढरा वापर, या औषधाने रंग उडतो."

मावशीने ते शेवटचं वाक्य कानाआड केलं आणि तिच्या लाडक्या जांभळ्या टॉवेलवर पांढरे ढग उमटले. तिने दोन दिवस सुतक पाळलं.

पाठीची आग थांबली, खपल्या पडल्या आणि मासोळी परत पाण्यात उतरली. जुन्या पुळ्या बसू लागल्या, नव्या थोड्या कमी आल्या. पण स्पर्धेचा दिवस उजाडला तेव्हा पाठ काही गुळगुळीत झालेली नव्हती. टी-शर्ट तिने अगदी शेवटी काढला.

चौघी आपल्या लेनमागे ओळीने उभ्या राहिल्या. कॅप्टन पाण्याबाहेर असली की कायम खांद्यावर टॉवेल टाकून फिरायची, सगळ्यांना ती तिची ऐट वाटायची. आज तिने तो बाजूला ठेवला, आणि मासोळी बघतच राहिली. तिच्या नाकासमोरची पाठ लाल पुळ्यांनी आणि तपकिरी डागांनी भरलेली होती.

कॅप्टनने मागे वळून पाहिलं. "काय बघतेस?"

"तुलापण?"

"आठवीपासून. म्हणजे तू टी-शर्ट त्याच्यासाठी..."

"हो."

"मला वाटायचं तुला खरंच ऊन लागतं."

दोघींना हसू आवरेना. प्रशिक्षक बाईंनी लांबून डोळे वटारले, तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिली मुलगी चौथी आली, दुसरीने एक जागा भरून काढली. कॅप्टन पाण्यात पडली तशी गॅलरी उभी राहिली. ती परत येताना दुसऱ्या नंबरवर होती. तिची बोटं भिंतीला लागली आणि मासोळीने तिच्या डोक्यावरून सूर मारला.

अंगाला चिकटणारं, मागे ओढणारं काहीच नव्हतं. पाणी पाठीवरून सरसर निघून जात होतं. शेजारच्या लेनमधले पाय दिसले, मग गुडघे, मग खांदा. तिने श्वास घेणंच सोडून दिलं आणि हात पुढे फेकला.

फलकावर त्यांची शाळा सर्वांत वर आली. गॅलरीत मावशी किंचाळत होती, पण तिचा आवाज केव्हाच बसला होता, नुसतं तोंड हलत होतं.

शॉवरखाली कॅप्टनने पहिला प्रश्न विचारला तो पदकाबद्दल नव्हता.

"तू लावतेस काय ग पाठीला?"

मासोळीने डॉक्टरबाईंच्या थाटात सगळं सांगायला घेतलं. बाकीच्या दोघीही सरकून जवळ आल्या. एकीने बट बाजूला करून कपाळ दाखवलं, दुसरी म्हणाली, मी तर टूथपेस्ट लावली होती, भाजलं. चौघी एकदमच बोलायला लागल्या.

"बक्षीस नकोय का तुम्हाला?" प्रशिक्षक बाईंनी बाहेरून दार ठोकलं.

चौघी तशाच निघाल्या. मासोळीच्या एका कानात अजून फेस होता.