जोडीतला तिसरा बैल

सव्वीस जानेवारीला सकाळी साडेनऊच्या सुमारास सायकलींच्या पटात, म्हणजे शर्यतीत, उकंडा मुनेश्वर आणि देवसिंग राठोड यांची जोडी पहिली आली. ढाल हातात पडायच्या आत पंचांनी निकाल थांबवला. जोडीविरुद्ध तक्रार आली होती आणि ती करणारा होता खुद्द उकंडा मुनेश्वर.

दारव्ह्याहून येताना बोरी अरबच्या अलीकडं आत वळलं की हे गाव लागतं. बैलांच्या शंकरपटावर बंदी आली तेव्हा गावाचा हिवाळा रिकामा झाला. धावपट्टीवर बोरी उगवायला लागल्या. तेव्हा पोरांनी सायकलींची शर्यत काढली आणि पंच म्हणून बापूजी गावंड्यांकडं गेले, कारण पंच म्हटलं की गावाला दुसरं नाव सुचत नसे. बापूजींना सायकलचा एकही नियम ठाऊक नव्हता. बैलांचे सगळे ठाऊक होते. त्यांनी तेच लावले.

"बैल एकटा पयतो काय?" ते म्हणाले. "मंग सायकल कशी एकटी पयन? जोडी पायजे."

तेव्हापासून सायकली जोडीनं पळतात. बैलांच्या मानेवर जू असतं, म्हणून दोघा गड्यांनी एकच दुपट्टा दोन टोकांना धरायचा आणि एका हातानं हँडल सांभाळायचं. फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं. दुपट्टा सुटला की जोडी बाद. पुढं बंदी उठली, बैल परत आले, तरी सायकलींचा पट राहिला. आता त्याचा मान सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्याबरोबर.

उकंडा आणि देवसिंग पहिल्या पटापासून जोडीदार. एक बौद्धवाड्यातला, एक तांड्यावरचा. शाळेत एका बाकावर, शेतात एका धुऱ्यावर, बांधाला बांध लागून. पहिलं येणं त्यांना कधी साधलं नव्हतं. पण त्यांच्याशिवाय पट लागला असंही कधी झालं नव्हतं, आणि उकंडाला ढालीपेक्षा याचाच अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यात सोयाबीनच्या वावरात उकंडा घसरला आणि उजवा टोंगळा, म्हणजे गुडघा, कामातून गेला. वणीला दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीनं, मैत्रेयीनं, बापाला वावरात जायला म्हणून बॅटरीची सायकल पाठवली. पायडल मारलं की मोटर आपोआप जोर लावणारी. उकंडानं ती अंगणात उतरवून घेतली आणि आधी तिच्यावर पोतं टाकलं. मोटरीची त्याला भीती नव्हती. भीती होती ती स्वतःच्याच भाषणाची.

कारण मागच्या वर्षी बापूजींचा नातू बंटी अशीच सायकल घेऊन पटात आला होता आणि तिला बाहेर काढायला उठला होता उकंडाच. "जोडीत बैल दोन," तो भर मैदानात बोलला होता. "बॅटरी म्हंजे तिसरा बैल. तिसरा बैल लपवून आनला त मंग पट कायचा?" टाळ्या पडल्या. बंटीला बसवलं. उकंडाला आपलं बोलणं इतकं आवडलं की उन्हाळा लागेपर्यंत त्यानं ते पानठेल्यावर, गिरणीत आणि एका मयतीतसुद्धा सांगितलं.

"आता काय करता?" बायकोनं, नलूनं, विचारलं. दोघं तूर कापत होती. सकाळी दव इतकं होतं की विळा धरलेली बोटं वाकत नव्हती.

"काय करतो म्हंजे? पयतो."

"कायच्यावर? टोंगळ्यावर का भाषनावर?"

उकंडा तुरीचा पेंडका बांधत राहिला.

"नका पयू," नलू म्हणाली. "देवसिंगभाऊले बंटी इचारूनच राह्यला जोडीले. त्याईचं जमून जाईन."

हे तिनं सहज म्हटलं. उकंडाला तो पेंडका तीनदा बांधावा लागला.

त्याच संध्याकाळी तो देवसिंगला घेऊन बापूजींच्या ओसरीवर गेला. बंटी तिथंच मोबाइल बघत बसला होता.

"बापूजी, मी बॅटरीची सायकल आनतो म्हनतो," उकंडा म्हणाला. "पन बंद ठेवून."

बंटीनं मान वर केली. "काका, थो तिसरा बैल औंदा तुमच्या गोठ्यात कसा काय आला?"

"तुयं वय काय, माह्यं वय काय?"

"मागच्या वर्षी नियमाले वय नोयतं."

"मागच्या वर्षी माह्या टोंगळ्यालेबी काई नोयतं," उकंडा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की एवढा फुसका मुद्दा या ओसरीवर बऱ्याच वर्षांत कुणी मांडला नसेल.

देवसिंग मध्ये पडला. "बापूजी, बंद बॅटरीची सायकल म्हंजे नुसतं वझं. मेलेला बैल गाडीत घालून पयल्यासारखं. आमाले नुकसानच हाये. याची जुनी सायकल चढावर याच्यानं आता ओढल्या जात नाही, ही जरा ठेंगनी हाये, पाय पुरतात, येवढंच."

बापूजींनी डोळे मिटले. पटात बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याजवळ तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, सापडली तर ते काय करत हे त्यांनी आठवून पाहिलं असावं. ते काठी काढून घेत आणि जोडी पळू देत.

"चावी माह्यापाशी द्याची," ते म्हणाले. "चावी माह्या खिशात म्हंजे बैल गोठ्यात."

बंटीनं मान पुन्हा मोबाइलमध्ये घातली.

सव्वीसला उकंडा घरून मैदानापर्यंत बॅटरीवरच आला. नलूनं हँडलला झेंडूची माळ गुंडाळली होती. त्यानं सर्वांदेखत चावी उपटली आणि बापूजींच्या बंडीच्या खिशात टाकली. गावात मोटारसायकली आहेत, ट्रॅक्टर आहेत. चावी निघाली म्हणजे यंत्र बंद झालं, यात कुणाला शंका असायचं कारण नव्हतं.

झेंडी पडली. नाल्यापर्यंत उतार, सगळेच पळतात. नाल्यापुढं फाट्याचा चढ, तिथं दरवर्षी उकंडाचा श्वास तुटायचा. यंदा तुटला नाही. टोंगळा बोललाच नाही. पुढच्या जोड्या एकेक करून मागं पडायला लागल्या आणि उकंडाच्या मनात आलं की ही नलूच्या जवसाच्या चटणीची करामत. मग वाटलं, चटणी नाही, मुळात आपली हाडंच जुन्या ज्वारीची. चढ संपेस्तोवर तो आपल्या आज्याच्या ताकदीपर्यंत पोचला होता.

"देवसिंग, दमला त सांग," तो म्हणाला.

"मी? मी तुले ओढून राह्यलो लेका," देवसिंग म्हणाला.

फाट्यावरून वळताना बुडाखालून बारीक घूं असा आवाज आला, तुरीच्या फुलोऱ्यात भुंगा असावा तसा. तो उकंडानं ऐकला. तूर तर फुलोऱ्यातून केव्हाच गेली होती, हेही त्याला माहीत होतं. पण भुंगाच असेल असं ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही.

पहिली जोडी म्हणून त्यांचं नाव भोंग्यावर पुकारलं गेलं. देवसिंग पायजमा वर करून लोकांना पिंडऱ्या दाखवत होता. उकंडानं सायकल स्टँडवर लावली आणि चार माणसं बघताहेत म्हणून ऐटीत पायडलला एक टाच मारली. मागचं चाक भर्रकन फिरलं आणि टाच काढल्यावरही तसाच घूं आवाज करत अंमळ फिरतच राहिलं. माळ सरकली होती. झेंडूखाली एक हिरवा दिवा लागलेला होता.

देवसिंगनं पायजमा खाली केला.

"उकंडा, हे काय पेटून राह्यलं?"

"दिवा."

"दिवा मलेबी दिसते. काहून पेटला?"

उकंडानं माळ परत दिव्यावर ओढली. देवसिंगनं हातातल्या दुपट्ट्याकडं पाहिलं. "म्हंजे चढावर मले तू ओढून राह्यला होता."

"मी नाही. थो."

"मंग मी बैलबी नाही. मी छकडा." मग इकडंतिकडं बघत तो खालच्या आवाजात म्हणाला, "कोनाले सांगू नको. तांड्यावर काय तोंड दाखवू? बॅटरीनं ओढत आनला म्हनतीन."

उकंडालाही सांगायचं नव्हतं. त्याला ढाल हवी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हाताच्या अंतरावर होती. पण दुसरी आलेली जोडी समोरच धावपट्टीवर बसली होती. सलोनी आणि दिपाली, बारावीतल्या पोरी. दिपालीचा तळवा दुपट्ट्यानं सोलला होता आणि सलोनी त्यावर बाटलीतलं पाणी ओतत होती. दोघींना बोलण्याइतकाही दम उरला नव्हता. उकंडाला मात्र साधा घामही आला नव्हता. त्यानं कपाळावरून हात फिरवून खात्री करून घेतली. मग तो लंगडत बापूजींकडं गेला.

"बापूजी, ढाल थांबवा. मोटर चालू होती."

"कोनाची?"

"माह्यी."

बापूजींनी बंडीच्या खिशातून चावी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय हाये?"

"चावी."

"मंग? चावी अठी आन मोटर तठी कशी चालन?"

"चालली, बापूजी. मी बसलो होतो तिच्यावर."

"तुले तसं वाटलं असन."

"आजोबा," बंटी पुढं येऊन म्हणाला, "या सायकलची चावी चालू असतानीबी निंगते. माह्या सायकलीचंबी तसंच हाये."

"आन तू थे आता सांगतं? ओसरीवर बसला होता तवा?"

"मले कोनी इचारलं नाही. माह्यी सायकल त मैदानातच येऊ देली नोयती." हे बोलताना बंटीनं उकंडाकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात उकंडाचं पूर्ण भाषण टाळ्यांसकट होतं.

पुढचा अर्धा तास गावानं एक नवाच वाद ऐकला. उकंडा म्हणत होता, मी बाद. बापूजी म्हणत होते, तू बाद नाही. उकंडाला बाद करायचं तर पंचाला यंत्र कळलं नाही हे कबूल करणं आलं, आणि बापूजींनी सगळ्या हयातीत असला निकाल दिलेला नव्हता. उकंडा पुनःपुन्हा लबाडी कबूल करत होता आणि कुणी ती घ्यायला तयार नव्हतं. शेवटी बापूजी म्हणाले, "निकाल ऐतवारी," आणि झेंडी काखेत मारून घरी गेले. ढाल ग्रामपंचायतीच्या टेबलावर तशीच राहिली.

रविवारी मारुतीच्या पाराजवळ बैठक झाली. बॅटरीला पटात घ्यायचं की नाही, यावर दोन तट पडले. एक म्हणे, टोंगळे गेलेल्यांनी काय घरी बसावं? दुसरा म्हणे, टोंगळे गेलेला बैल कुणी पटात आणतो काय? यावर उकंडाच सर्वांत आधी हसला, कारण मागच्या वर्षी असता तर हे वाक्य त्याचंच असतं.

बापूजींनी तोड काढली. लहान बैल आणि मोठे बैल यांचे गट जसे वेगळे, तसा बॅटरीचा गट वेगळा. "पन जोडीतल्या दोघाईजवळबी बॅटरी पायजे. एक जितं आन एक यंत्र, अशी जोडी मी लावनार नाही."

सगळ्यांनी देवसिंगकडं पाहिलं.

"मी बॅटरीवर बसन?" देवसिंग म्हणाला. "माह्ये पाय गेले काय?"

"मंग माह्यासंग पया, काका," बंटी म्हणाला. "मी साध्या सायकलवर येतो."

देवसिंग हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिला, तो नीटच होता तरी. वेगळ्या गटाचं पुढच्या बैठकीत बघू असं ठरलं. ढाल कुणाला द्यायची, तो विषय कुणी काढलाच नाही.

घरी येताना उकंडानं नलूला विचारलं, "थो हो काहून नाही म्हनला?"

"कोनाले? बंटीले का तुमाले?"

उकंडा लंगडत दोन पावलं पुढं निघाला.

सोमवारी सकाळच्या बसनं देवसिंग दारव्ह्याला गेला. कशाला, ते बायकोलाही सांगून गेला नाही. उकंडानं तांड्यावर जाऊन चौकशी केली तेव्हा त्याची बायको धनीबाई म्हणाली, "नवा सदरा घालून गेले. कायले, थे मले ठाऊक नाही." दारव्ह्यात सायकलींचं मोठं दुकान आहे. दुपारी कळलं की बंटीही सकाळपासून गावात नाही.

संध्याकाळी उकंडा फाट्यावर जाऊन उभा राहिला. गाईची ढेप घ्यायला आलो, असं त्यानं तिघांना न विचारता सांगितलं. थंडी पडायला लागली होती, कापसाचा एक ट्रक धूळ उडवत गेला. सव्वासहाची बस आली, थांबली, माणसं उतरली.

देवसिंग तिच्यात नव्हता. सायकल आणायला गेलेला माणूस बसनं कशाला येईल, हे ध्यानात आलं तसा उकंडा दारव्ह्याच्या रस्त्याकडं कान लावून राहिला, घूं आवाज येतो की बंटीच्या साध्या सायकलीची घंटी.