दोन हातांची मूठ

अभयच्या हातांची सुलेखाला पहिल्याच दिवशी किळस आली.

तसं तिला हातांचं काही नवल नव्हतं. शहरालगतच्या सातारा परिसराच्या मागं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या रायफल क्लबात ती सहा वर्षं शिकवत होती. कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजीचा नाद लागला, राज्य पातळीवर दोन पदकं मिळाली, पुढं कोणी विचारलं नाही, तेव्हा शिकवायला लागली. घामट हात, थरथरते हात, ग्रीसचे हात, मेंदीचे हात, सगळे तिनं आपल्या हातात घेऊन पिस्तुलाभोवती बसवले होते. शिकवायचं म्हणजे धरावेच लागतात. तोंडानं सांगून मूठ कोणाला कळत नाही.

पण हे हात वेगळेच होते. मऊ, फुगलेले, कणीक पाणी जास्त होऊन सैल पडावी तसे. चार बोटांत चार अंगठ्या. तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकांना गुटख्याचा तांबूस डाग, आणि त्यावर अत्तराचा वास. ती त्याच्या मुठीला आकार देत होती आणि तो तिच्या कानाजवळ श्वास सोडत होता.

"अंगठ्या काढा," ती म्हणाली.

"मॅडम, ह्या गुरुजींनी दिलेल्या हायेत. काढायच्या नसत्यात."

"मग पिस्तूल धरायचं नसतं."

तो हसला, मागं बघून. मागं बाकावर त्याची बायको रूपा बसली होती, आणि तिच्या शेजारी उभा राहून क्लबचा चालक सुयश मोबाईलवर अभयचा व्हिडिओ काढत होता. अभयच्याच मोबाईलवर. तोही हसला. रूपा हसली नाही.

लासूर स्टेशनला अभयचं मोठं नाव होतं. वडिलांची जमीन, आडतीचं दुकान, आणि आता रस्ते झाल्यापासून प्लॉटिंग. त्याला पिस्तुलाचा परवाना हवा होता. अर्जासोबत शिकल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर शिकवणाऱ्याची सही. म्हणून तो तीन दिवसांसाठी आला होता. बायकोलाही आणलं होतं, कारण दुसरा अर्ज तिच्या नावानं होता.

"घरात दोन असलेली बरी," त्यानंच सांगितलं. "उद्या माझ्या लायसनला कुणी आडवा पाय घातला, तर हिच्या नावाचं हायेच."

नवऱ्याची बंदूक बायकोच्या नावावर, हे सुलेखानं आधीही पाहिलं होतं. इतक्या उघडपणे सांगणारा मात्र हाच.

अंगठ्या निघाल्या. सुलेखानं रिकामं पिस्तूल तीनदा तपासून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते एका हातात घेतलं, कोपर वाकवलं आणि आडवं धरलं, लग्नाच्या वरातीत धरतात तसं.

"असं नाही," ती म्हणाली. "उजव्या हाताची, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी इथं, मागच्या बाजूला, जितकी वर जाईल तितकी. खाली तीन बोटं. तर्जनी चापावर नाही, बाहेर, सरळ. आता इथं डाव्या बाजूला जी जागा मोकळी राहिली, ती डाव्या तळव्यानं भरायची. डाव्या हाताची चारही बोटं उजव्या बोटांवरून घट्ट. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढं बघणारे. जोर डाव्या हाताचा. उजवा नुसता धरून ठेवतो."

"म्हणजे घरच्यासारखंच," अभय म्हणाला. "नवरा नुसता धरून ठेवतो, जोर बायकोचा."

सुयश खो खो हसला.

अभयनं डावा अंगठा उजव्या हाताच्या मागून आडवा घातला. नवशिक्या माणसाची ही नेहमीची चूक. सुलेखानं तो अंगठा धरून पुढं आणला. "गोळी सुटली की ही वरची स्लाईड मागं येते. अंगठा मागं असला तर चिरून जाईल."

तिनं हात काढताच अंगठा पुन्हा मागं गेला. तिनं पुन्हा आणला. मग तो म्हणाला, "मॅडम, तुमचं आडनाव काय म्हणाला होता?"

"मगरे."

"कुठले मगरे?"

"मुकुंदवाडी."

"नाय, मूळ गाव?"

"मुकुंदवाडीच."

"अच्छा, अच्छा." शोधत होता ते सापडल्यासारखा तो मान हलवत राहिला. मग पिस्तूल मेजावर ठेवलं, खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही हात पुसले. सावकाश, एकेक बोट, तिच्या डोळ्यांदेखत. पुसून झाल्यावर रुमाल घडी करून सुयशकडं दिला आणि सुयशनं तो घेतला.

त्या रुमालापेक्षा सुलेखाला सुयशच्या पुढं आलेल्या हाताची जास्त शिसारी आली.

मग रूपाची पाळी आली.

रूपा तिशीची असेल. मूळची देवगाव रंगारीची, अंगानं काटक. तिनं उजव्या हातात पिस्तूल घेतलं आणि सुलेखा चकित झाली. बेचकी वर, तर्जनी बाहेर, मनगट सरळ. पहिल्याच दिवशी असं क्वचित कुणाला जमतं. "छान," ती म्हणाली. "आता डावा."

डाव्या हाताची दोन बोटं बसली. अनामिका आणि करंगळी मात्र तशीच ताठ राहिली, चहाचा कप धरताना राहावीत तशी.

"मिटा बोटं."

"मिटत नायीत."

सुलेखानं ती बोटं आपल्या हातात घेतली. सांधे सुजून तसेच आवळून बसलेले. मोडून, नीट न बसवता भरून आलेली बोटं. तिनं वर पाहिलं, पण उत्तर मागून आलं.

"दारात सापडली हिची," अभय म्हणाला. "वेंधळी हाय लई. कितीदा सांगितलं, बघून चालत जा."

रूपा लक्ष्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अभयला कुणा सर्व्हेअरचा फोन आला आणि तो बोलत बोलत गाडीकडं गेला. सुयश त्याच्यामागं चहा घेऊन. मैदानावर दोघीच उरल्या. सुलेखानं काही विचारलं नव्हतं. रूपाच बोलली, पिस्तुलाकडं बघत, जणू धड्याबद्दलच बोलतेय.

"मोबाईल सोडत नव्हते मी. भावाला लावत होते. म्हणून एकेक बोट मागं केलं त्यांनी. आधी करंगळी."

सुलेखानं गाडीकडं एकदा वळून पाहिलं.

"दवाखान्यात स्वतः घेऊन गेले. स्वतःच्या हातानं मोसंबीचा रस पाजला. चमच्यानं. नर्स म्हणाली, नशीब काढलं ताई तुम्ही."

त्याच हातांनी. सुलेखाला काल आपण हाताळलेली ती मऊ बोटं आठवली, त्यांचा ओलसरपणा आठवला. तिनं नकळत आपले तळवे सलवारीला पुसले.

"ताई, मला नापास करा," रूपा म्हणाली. "पण त्यांनाबी करा. घरात नको हे."

"पोलिसांत गेला होतात का?"

"ह्यांच्याच ओट्यावर बसत्यात पोलीस चहाला." तिनं ताठ बोटांकडं पाहिलं. "बोटांचं कुठं लिहू नका. ते माझं मी सांगीन, मला सांगायचं तवा. पिस्तुलाचं काय ते बघा."

तेवढ्यात गाडीचं दार आपटलं. रूपानं लगेच दोन्ही हात पुढं करून नेम धरला, ताठ राहिलेल्या दोन बोटांसकट.

तिसरा दिवस खऱ्या गोळीचा. सुलेखा नवशिक्याला एका वेळी दोनच गोळ्या देत असे. सकाळचे साडेदहा झाले होते, ऊन डोंगरावरून उतरून मातीच्या बांधापर्यंत आलं होतं. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. अभय पुढं, सुलेखा त्याच्या उजव्या खांद्यामागं. रूपा मागं बाकावर.

"अंगठा पुढं," सुलेखा म्हणाली.

"व्हय व्हय, कळलं."

अंगठा पुढं आला. तिनं "मारा" म्हटलं आणि त्याच क्षणी तो पुन्हा मागं गेला. तिला "थांबा" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. बार झाला. स्लाईड सुसाट मागं आली आणि अंगठ्याच्या सांध्यावरची कातडी उलटी करून गेली.

तो गुरासारखा ओरडला. मागून रूपाच्या तोंडून काही तरी निघालं, श्वास आत ओढल्यासारखं. एवढंच. आणि तो फिरला. पिस्तुलासकट फिरला. आत दुसरी गोळी भरलेली, बोट चापावर, नळी थेट रूपाच्या छातीकडं.

"काय हसती गं?"

ती हसली नव्हती. सुलेखाला पुढं कित्येक दिवस हेच दिसत राहिलं, की रूपा दचकली नाही, उठली नाही, हात वर केले नाहीत. तिनं फक्त डोळे मिटून घेतले. सवय असलेलं माणूस मिटतं तसे.

सुलेखानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून नळी बांधाकडं, खाली दाबली. "बोट बाहेर! बोट बाहेर काढा!" त्याच्या अंगठ्याचं गरम रक्त तिच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिनं पिस्तूल ओढून घेतलं, मॅगझिन काढलं, आतली गोळी बाहेर टाकली. गोळी मेजावरून घरंगळून मातीत पडली.

अभयचा चेहरा दोन क्षण कोरा होता. मग त्यावर हसू आलं. "गंमत केली हो. भ्याली बघा कशी. मॅडमबी भ्याल्या."

सुयश कार्यालयातून धावत आला. हातात प्रथमोपचाराची पेटी. तो रूपाकडं गेला नाही. त्यानं अभयचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फुंकर घातली. खरंच फुंकर घातली, लेकराला घालतात तशी.

दुपारी कार्यालयात सुयशनं दोन्ही अर्ज सुलेखापुढं ठेवले. अभय बाहेर गाडीत एसी लावून बसला होता.

"सही करा मॅडम. तीन दिवस पूर्ण झालेत."

"त्यानं भरलेलं पिस्तूल बायकोवर रोखलं. तुम्ही काचेतून बघत होता."

"शिकताना होतं कधी कधी. चटका बसला की माणूस भांबावतो." त्यानं आवाज खाली आणला. "नव्या रेंजला ते जागा देतायत. पन्नास मीटरची रेंज होईल मॅडम. तुमच्याच पोरींना कामी येईल."

"नाही."

"आता तुम्ही तत्त्वाच्या गोष्टी नका सांगू," सुयश चिडला. "सहा वर्षांत किती जणांना दिल्या सह्या? तो जालना रोडचा हॉटेलवाला, सकाळी अकराला पिऊन आला होता. तेव्हा काय म्हणाला होतात तुम्ही? नेम बरा आहे!"

हे खरं होतं. म्हटलं होतं तिनं. त्या माणसाच्या तोंडाचा भपकारा तिला आत्ता आल्यासारखा आला. क्लब टिकला पाहिजे, सकाळी सरावाला येणाऱ्या मुलींसाठी एअर पिस्तुलं हवीत, असं म्हणत तिनं सही केली होती. त्याला आणि आणखी कितीतरी जणांना. अभयची, सुयशची किळस तिला तीन दिवस येत होती. ती आता वळून तिच्याच अंगावर आली, आणि इतरांच्या किळसेसारखी ती झटकता येईना.

तिनं पेन घेतलं. अभयच्या अर्जावर लिहिलं, की वारंवार सांगूनही सुरक्षित मूठ धरत नाही. भरलेलं पिस्तूल चापावर बोट ठेवून उपस्थित स्त्रीवर रोखलं. हा इसम शस्त्र बाळगण्यास अपात्र आहे. तारीख, वेळ, सही. रूपाच्या अर्जावर लिहिलं, की डाव्या हाताची मूठ पूर्ण बंद होत नाही, सबब अपात्र. बोटांबद्दल आणखी अक्षरही लिहिलं नाही. दोन्ही कागदांचे मोबाईलवर फोटो काढले.

"हे मी फाडून टाकीन," सुयश म्हणाला.

"फाडा."

दुसऱ्या दिवशी ती जिल्हाधिकारी कार्यालयात गेली. स्वतःच्या नावानं सविस्तर तक्रार लिहिली, फोटोंच्या प्रती जोडल्या. आवक खिडकीतल्या बाईनं कागद वाचला, मग सुलेखाकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. "ह्यांना ओळखता तुम्ही?" तिनं विचारलं.

"हात ओळखते," सुलेखा म्हणाली.

बाईनं शिक्का मारला.

क्लबचं काम अर्थातच गेलं. सुयशनं फोनवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. अभयनं दोनदा माणसं पाठवली मुकुंदवाडीला. ती माणसं गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून बसली, घर बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा गल्लीतल्या बायका गाडीभोवती उभ्या राहिल्या, त्यानंतर परत आली नाहीत. पावणेदोन महिन्यांनी कळलं, अभयचा अर्ज नामंजूर झाला. त्यानं वर अपील केलं म्हणे. ते चालू आहे. त्याचं प्लॉटिंगही चालू आहे.

सुलेखाला एका शाळेत मुलींना एअर रायफल शिकवायचं काम मिळालं. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी रूपा. देवगावहून बोलतेय. भावाकडं आलेय. दीड महिना झाला."

"बोटं कशी आहेत?"

"घाटीत, सरकारी दवाखान्यात दाखवलं. ऑपरेशन करावं लागंल म्हणले. तिथल्या डॉक्टर बाईनं विचारलं, कशी मोडली. सांगितलं मग. सगळं सांगितलं. तक्रारीचा कागद झालाय पोलिसांत."

पलीकडं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"ताई, एक विचारू का? उजव्या हातानं मी बरोबर धरलं होतं का पिस्तूल?"

"एकदम बरोबर."

"मला चांगलं वाटलं होतं धरल्यावर," रूपा म्हणाली. "हातात जड लागलं ना, तवा लई चांगलं वाटलं होतं. मनात काय काय आलं माझ्या. त्याची आता घाण वाटती मला."

सुलेखा शाळेच्या पटांगणाच्या कडेला उभी होती. पहिला तास संपायला आला होता.

"मला पण वाटते," ती म्हणाली. "माझीच."

तास संपल्याची घंटा झाली, पण फोन कोणी ठेवला नाही.