प्रत्येक ओळीत आई

टीट्… टीट्… दुपारच्या सुन्न शांततेत इन्व्हर्टर कुरकुरला. स्नेहलने आधी पलंगाकडे पाहिलं. अंतराने नुसती कूस बदलली. तिच्या पाठीशी उशी सरकवून स्नेहलने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. बॅटरी संपायच्या आत आणि पोर उठायच्या आत उरकायचं होतं. महानगरातल्या या दोन खोल्यांत तिची नोकरी अशीच, लेकीच्या झोपेच्या फटीफटीतून चालायची.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उघड्या छातीशी धरून ऊब दिली तर ती तगतात का, याविषयी जगभर झालेले सगळे अभ्यास गोळा करायचे होते, एकही निसटू न देता. त्यासाठी डेटाबेसमध्ये टाकायची शब्दांची साखळी, सर्च स्ट्रिंग, स्नेहलनेच बांधली होती. संध्याकाळी ती प्रकल्पप्रमुख पद्मा मॅडमना पाठवली की पक्की. मग शुक्रवारी नागपूर. आईकडे जाऊन नुसतं झोपायचं, एवढाच बेत होता.

एक परीक्षा तेवढी राहिली होती. मॅडमनी त्यांना ठाऊक असलेला एक संशोधन-पेपर दिला होता. जाळं नीट विणलेलं असेल, तर हा मासा लागायलाच हवा.

लागत नव्हता. तिने कंस तपासले, स्पेलिंग तपासलं, डोळे चोळले. शेवटी दबक्या आवाजात ऑफिसात अनिकेतला फोन लावला. हे काम दोघांचं होतं.

“तो पेपर येत नाहीये रे.”

“एकच ना? जाऊ दे यार, ताई. चाळणीला भोकं असायचीच.”

“चाळणी नाही, जाळं आहे. उघडून बघ ना जरा. मला आता काही दिसेनासं झालंय.”

पलीकडे टकटक झाली. मग तो हसला.

“अच्छा! अगं, यात आया नाहीतच. सगळे बाप बसलेत पोरं धरून. आणि तू प्रत्येक ओळीला ‘मदर’ बांधून ठेवलंयस. येणार कसे बिचारे?”

स्नेहलने स्ट्रिंग वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. प्रत्येक ओळीत ‘मदर’ होतं.

“हॅलो? फोन कट झाला का?”

“आहे मी. बोल.”

“ऐक. बाप, आज्या, मावश्या सगळ्या घातल्यास तर हजारभर शीर्षकं वाढतील. वाचणार कोण? मॅडमना सांग, आपला स्कोप आईपुरताच. मानतील त्या. तू जा गं नागपूरला, किती थकलीयस.”

“बघते,” म्हणून तिने फोन ठेवला.

नवऱ्याच्या, राजरत्नच्या, मोबाइलमध्ये एक फोटो होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला तो, शर्टाची बटणं सोडलेली, आणि शालीतून डोकावणारं मुठीएवढं डोकं. स्नेहल तेव्हा त्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, रक्तदाब चढून, बेशुद्ध होती. खाली आपलं बाळ आहे हे तिला फार उशिरा कळलं. तो फोटो तिने कधी भिंतीवर लावू दिला नाही. पाहुणे अंतराचं कौतुक करत, तेव्हा ती म्हणायची, “मी छातीशी धरून वाढवलीय हिला.” राजरत्न तेव्हा चहाचे कप गोळा करत असायचा. त्याने एकदाही दुरुस्ती केली नव्हती.

तिने प्रत्येक ओळ ‘मदर’पासून सोडवली. बाप घातला, आजी घातली, घरचं जे कुणी असेल ते घातलं. शोध लावला. आकडा फुगला, आणि त्यात तो पेपर अलगद वर आला.

मॅडमना तिने लिहिलं: ‘स्ट्रिंगमध्ये माझी चूक होती, सुधारलीय. यादी मीच वाचते. रजा पुढे ढकलावी.’ पाठवलं, आणि डोकं भिंतीला टेकवलं.

“मम्मा…”

अंतरा डोळे चोळत आली आणि मांडीवर चढली. पडद्यावर पेपर उघडाच होता. त्यात एक फोटो होता.

“ये पापा हैं?”

“नाही गं. दुसऱ्या कुणाचे तरी पप्पा.”

“बेबी को ऐसे क्यों पकड़ा है?”

“बाळ खूप इवलंसं होतं ना, त्याला थंडी वाजायची.” स्नेहलने तिचे घामेजलेले केस मागे सारले. हात तिथेच राहिला. “तुलाही असंच धरलं होतं. पप्पांनी.”

“पापा ने?” अंतराला ते फारच आवडलं. ती फोटोवर बोट ठेवून बघत राहिली. मग तिने मान वर केली.

“और तुम कहाँ थी, मम्मा?”